युरोपातले भूवैज्ञानिक आफ्रिकेत जाऊन नेमकं काय शिकवतात?

प्रश्न नागपूरला एम.एस्सी. भूशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: युरोपीय महासंघाच्या पैशातून आफ्रिकेतल्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थांसाठी ‘पॅनआफजिओ’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम चालला, त्याबद्दल वाचलं. ही क्षमता बांधणी खरी असते, की खनिजांपर्यंत पोहोचायची सभ्य वाट? तिथे प्रत्यक्षात काय शिकवतात? आणि आपल्याकडच्या माणसाला त्यात काही जागा आहे का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो: दोन्ही. युरोपला खनिजं हवी आहेत हे कोणी लपवत नाही, आणि प्रशिक्षणात शिकवतात तेही खरंच उपयोगाचं असतं. खरी मेख तिसरीकडेच आहे. माणसं शिकतात, पण ज्या कार्यालयात ती परत जातात तिथे डिझेल, प्रयोगशाळेचा गॅस, नकाशे ठेवायची नीट जागा आणि पुढच्या वर्षीचं बजेट नसेल, तर शिकलेलं दोन पावसाळ्यांत पुसलं जातं. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात नकाशे आणि डेटाच्या कामांवर मी बरीच वर्षं काढली, आधी कंपनीच्या नोकरीत आणि नंतर सल्लागार म्हणून. त्यामुळे पुढचं बोलणं थोडं एका बाजूने झुकलेलं वाटलं तर ती बाजू कचेरीतल्या माणसाची आहे, परिषदेतल्या नव्हे.

आधी हा कार्यक्रम काय ते सांगतो. युरोपातल्या राष्ट्रीय सर्वेक्षण संस्थांचा एक संघ आहे, युरोजिओसर्व्हेज, कार्यालय ब्रसेल्सला. आफ्रिकेतल्या संस्थांचाही असाच संघ आहे, ओएजीएस या नावाने ओळखला जाणारा. या दोघांच्या भागीदारीतून पॅनआफजिओ उभा राहिला. पहिला टप्पा २०१६ ते २०१९, दुसरा २०२१ ते २०२४. पैसा मुख्यतः युरोपीय महासंघाचा, पण पहिल्या टप्प्यात १२ युरोपीय संस्थांनीही आपला वाटा घातला, आणि समन्वय फ्रान्सच्या बीआरजीएम या राष्ट्रीय भूशास्त्रीय संस्थेकडे होता. विषय बरेच: भूशास्त्रीय नकाशे, खनिज संसाधनांचं मूल्यमापन, हातखाणकाम (गावकऱ्यांनी साध्या अवजारांनी केलेलं छोटं खाणकाम), खाणींचं पर्यावरण व्यवस्थापन, भूसंकटं, भूवारसा आणि भू-माहितीचं व्यवस्थापन. वर्ग इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पोर्तुगीज चालणाऱ्या अंगोलातल्या लुआंडाच्या किंवा मोझांबिकमधल्या मापुतोच्या भूवैज्ञानिकाला आपल्या भाषेत प्रश्न विचारता येणं हा मोठा फरक असतो.

आणि ही कल्पना २०१६ मध्ये अचानक सुचली असंही नाही. आफ्रिकेतल्या आणि इतर विकसनशील देशांशी झालेल्या १९७९ च्या दुसऱ्या लोमे करारापासून युरोप ‘सिसमिन’ नावाच्या निधीतून आफ्रिकेतल्या खाणक्षेत्राला पैसे देत आला, आणि त्यातून नामिबियापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत हवाई भूभौतिकी सर्वेक्षणं (विमानातून खडकांचं चुंबकत्व वगैरे मोजणं) आणि नकाशे झाले. २००७ मध्ये जगभरचे भूशास्त्रीय नकाशे एकत्र आणणारं वनजिओलॉजी सुरू झालं, २००९ मध्ये नामिबियाच्या विंडहुकला गिराफ हे आफ्रिकेतल्या भू-माहितीचं जाळं सुरू झालं. त्याच सुमारास एगोस नावाचा भू-माहितीचा युरोप-आफ्रिका प्रकल्प आला. संक्षेपांची ही गर्दी पाठ करायची गरज नाही. एवढं समजलं तरी पुरे, की चाळीस वर्षं पैसा येतो आहे, फक्त त्यावरची पाटी बदलते.

आता वसाहतवादाचा मुद्दा. तो हवेतला नाही, तो कपाटात आहे. शब्दशः कपाटात. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये वसाहतींमधल्या सर्वेक्षणांसाठी लंडनमध्ये एक मध्यवर्ती संचालनालय काढलं. पुढे १९६५ मध्ये ते ब्रिटनच्या स्वतःच्या सर्वेक्षणात विलीन झालं. फ्रान्सची बीआरजीएम १९५९ मध्ये ज्या संस्था एकत्र करून झाली, त्यांत सागरापारच्या फ्रेंच प्रदेशांतलं खनिज कार्यालयही होतं. बेल्जियमच्या टेरव्हुरेनमधल्या मध्य आफ्रिका संग्रहालयात काँगो, रवांडा, बुरुंडीचे नमुने, क्षेत्रनोंदी, नकाशे, हवाई छायाचित्रं अजून आहेत. म्हणजे साठच्या दशकात देश स्वतंत्र झाले तेव्हा दगड तिथेच राहिले, पण त्यांच्याबद्दलचं लिखाण बऱ्याच अंशी उत्तरेला गेलं किंवा आधीपासून तिथेच होतं. रवांडातल्या कीगालीच्या भूवैज्ञानिकाला आपल्याच देशातल्या जुन्या टिन खाणीचा अहवाल पाहायचा तर ब्रसेल्सजवळच्या या टेरव्हुरेनला पत्र लिहावं लागायचं. रवांडाबाबत या अभिलेखांच्या डिजिटल प्रती करून देण्याचं काम अलीकडच्या वर्षांत झालं, आणि माझ्या मते या सगळ्या सहकार्यातलं ते सर्वांत कमी गाजलेलं पण सर्वांत न्याय्य काम आहे. नवं शिकवण्याआधी जुनं परत द्या, एवढी साधी अपेक्षा आहे.

पण परत मिळालेला जुना नकाशा लगेच वापरता येत नाही, आणि इथे प्रशिक्षणाची खरी किंमत कळते. एक उदाहरण जवळून दाखवतो. झांबियाची साठच्या दशकातली एक शीट, म्हणजे नकाशाचं एक पान, घ्या. ती ‘आर्क १९५०’ या संदर्भ-प्रणालीवर आहे, म्हणजे पृथ्वीचा आकार क्लार्कच्या १८८० च्या लंबगोलावर धरलेला. आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या प्रणालीवर चालतो. नवख्या माणसाने शीट स्कॅन केली, कडेचे अक्षांश-रेखांश वाचून संगणकात तशीच बसवली, तर सगळा नकाशा दोन-तीनशे मीटर सरकतो. नदी उपग्रह-चित्रातल्या नदीवर बसत नाही एवढंच असतं तर चाललं असतं. पण त्याच नकाशावरून खाणपट्ट्याची हद्द ठरली असेल, तर तांब्याचा उघडा पडलेला थर एका कंपनीच्या पट्ट्यातून उचलून शेजारच्याच्या पट्ट्यात जातो. मग वकील येतात. केनिया, टांझानिया, युगांडात जुनी प्रणाली ‘आर्क १९६०’ असते, नायजेरियात ‘मिन्ना’, मोझांबिकमध्ये ‘टेटे’. सीमेवर दोन देशांच्या शीटा जोडायला घेतल्या की खडकांच्या सीमारेषा एकमेकींना चुकवून निघून जातात, आणि त्यातला निम्मा दोष भूशास्त्राचा नसून भूमितीचा असतो.

भू-माहितीच्या वर्गात हे शिकवतात: शीट कशी बसवायची, रूपांतराचे आकडे कुठून घ्यायचे, एकाच खडकाला तीन पिढ्यांनी दिलेली तीन नावं एका कोशात कशी आणायची, आणि मूळ कागद फेकून द्यायचा नाही. हे काम रटाळ आहे. याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. पण मला विचाराल तर सात विषयांत एकच ठेवा म्हटलं तर मी हा ठेवीन.

क्षेत्रकामाचं शिक्षण दिसायला जास्त रंगतदार. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याच्या सड्यावर उभं राहून खाली कोणता खडक आहे हे सांगायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल, त्यांना पश्चिम आफ्रिकेतलं दुखणं चटकन कळेल. घाना, बुर्किना फासो, मालीचं सोनं साधारण २ अब्ज वर्षांहून जुन्या बिरिमियन खडकांत आहे, पण वर जांभ्याचं आणि मातीचं पांघरूण इतकं की मैलोनमैल दगड दिसतच नाही. युरोपातून आलेला प्रशिक्षक, ज्याने हयात आल्प्समध्ये किंवा स्कँडिनेव्हियातल्या हिमनदीने घासून काढलेल्या उघड्या खडकांवर घालवली, तो इथे पहिल्या दिवशी अडखळतो. आणि तेव्हा स्थानिक माणूस शिकवायला लागतो. तो वारूळ दाखवतो. वाळवी ओलाव्याच्या शोधात खोल जाते आणि खालचे कण वर आणून वारूळ रचते. त्यामुळे वारुळाची माती चाळून, विश्लेषण करून खाली सोनं आहे का याचा माग काढता येतो. आफ्रिकेतल्या खनिजशोधात ही रीत रुळलेली आहे. वारुळाच्या कोणत्या बाजूची माती घ्यायची, जुनं पडकं वारूळ धरायचं की जिवंत, खणताना सापाची काळजी कशी घ्यायची, हे तिथल्या क्षेत्र-सहायकाला पदवी नसताना ठाऊक असतं. उलट हवाई चुंबकीय सर्वेक्षणाचा नकाशा जमिनीखालच्या खडकांशी कसा ताडायचा, झिरकॉन या खनिजावरून काढलेल्या खडकाच्या वयाचा आकडा किती विश्वासाने घ्यायचा, हे बाहेरून आलेला चांगलं सांगतो. असा दोन्हीकडून व्यवहार झाला तरच ते प्रशिक्षण. नाहीतर ती सहल.

मोठं काम म्हणून मी मोझांबिकचं नाव घेईन. १९७७ ते १९९२ यादवी, नंतर जमिनीत पेरलेले सुरुंग. देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तो थेट २०१५ मध्ये. या परिस्थितीत २००२ ते २००७ दरम्यान जागतिक बँक आणि नॉर्डिक विकास निधीच्या पैशातून फिनलंडच्या जीटीके या सर्वेक्षण संस्थेच्या नेतृत्वाखालचा एक गट आणि उत्तरेत नॉर्वे-ब्रिटनचा गट यांनी देशाचे १:२,५०,००० प्रमाणावरचे नकाशे तयार केले. युगांडातही जीटीकेच्या गटाने २००८ ते २०१२ मध्ये असंच काम केलं, आधी झालेल्या हवाई सर्वेक्षणाच्या पायावर. असुरक्षिततेमुळे करामोजाचा ईशान्य भाग त्या उड्डाणांतून सुटला होता. ही कामं प्रशिक्षणाच्या दोन आठवड्यांच्या वर्गांहून वेगळी होती. स्थानिक भूवैज्ञानिक हंगामामागून हंगाम परदेशी माणसाच्या शेजारी तंबूत राहिला, त्याच्याशी खडकावर भांडला, आणि शीटवर त्याचंही नाव आलं. क्षमता बांधायची असेल तर अजून तरी यापेक्षा चांगली रीत मला दिसलेली नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण विद्यार्थी हमखास त्यात अडकतात. राष्ट्रीय सर्वेक्षण संस्था खाण शोधून देत नाही. ती पायाभूत नकाशा देते, म्हणजे कुठे शोधणं शहाणपणाचं आहे एवढं. किती आणि काढायला परवडेल का, हे पुढचं. मोझांबिकच्या टेटे प्रांतातला कोळसा आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशाचा भाऊबंद, भारत आणि आफ्रिका जोडलेले होते तेव्हाच्या एकाच गोंडवन भूखंडावर साठलेला. तो कुठे आहे हे पोर्तुगीज काळापासून माहीत होतं. तरीही रिओ टिंटोने २०११ मध्ये सुमारे ३.७ अब्ज डॉलर मोजून तिथला व्यवसाय घेतला आणि २०१४ मध्ये तो आयसीव्हीएल या भारतीय सरकारी कंपन्यांच्या गटाला अवघ्या ५ कोटी डॉलरना विकला. मधल्या काळात कळलं, की काढण्याजोगा कोकिंग (पोलादासाठी लागणारा) कोळसा धरला होता त्याहून कमी आहे आणि झांबेझी नदीतून बार्जने तो नेण्याला परवानगी मिळत नाही. इतक्या बड्या कंपनीचा अंदाज चुकू शकतो, तर समोर बसलेल्या सरकारकडे स्वतःचा स्वतंत्र अंदाज बांधणारी चार माणसं नसतील तेव्हा काय होत असेल?

आता न बोलली जाणारी बाजू.

वर्गाला कोण येतं? यादी प्रशिक्षण देणारे ठरवत नाहीत, संस्था पाठवते. आपल्याकडच्या सरकारी नोकरीत ज्यांनी टी.ए.-डी.ए.चं राजकारण पाहिलंय त्यांना समजावून सांगायला नको. परदेशातला दैनिक भत्ता कधी कधी महिन्याच्या पगाराशी स्पर्धा करतो, मग निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले साहेब क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर शिकायला येतात आणि ज्याने शिकायला हवं तो पोरगा कचेरीत टपाल सांभाळतो. चांगले आयोजक यावर तोड काढतात: अर्जासोबत केलेल्या कामाचा नमुना मागतात, वर्ग त्याच देशात भरवतात म्हणजे भत्त्याचं आकर्षण उतरतं, आणि आधीच्या वर्गातल्या दोघांना पुढच्या वर्गात शिकवायला उभं करतात.

यंत्रांचं वेगळं. एका सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत मी नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणारं आयसीपी यंत्र पाहिलं, देणगीतलं, उत्तम स्थितीतलं, आच्छादन घातलेलं. ते चालायला आरगॉन वायू लागतो, मिनिटाला १५-२० लिटर. सिलिंडर शेजारच्या देशातून ट्रकने यायचे, सीमेवर अडकायचे, आणि आले तरी त्यांचं बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावर फाइल फिरायची. यंत्र देणाऱ्यांच्या अहवालात ‘प्रयोगशाळा सुसज्ज’ असं नोंदलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. नमुने मात्र विमानाने जोहान्सबर्गला जायचे. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी शेवटी काय केलं, तर एक जुना एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, दुरुस्त करून घेतला, ज्याला आरगॉनची तशी गरज नाही. अचूकता कमी, पण रोज चालतो. कोणी मला ‘शाश्वत’ म्हणजे काय विचारलं तर मी तो एक्सआरएफ दाखवतो. सॉफ्टवेअरचंही तेच: एक वर्षाचा परवाना देणगीत येतो, वर्ष संपलं की पडद्यावर कुलूप. म्हणून अलीकडे बहुतेक वर्ग मुक्त सॉफ्टवेअरवर घेतात, हे फार बरं झालं.

शिकलेली माणसं कंपन्यांकडे निघून जातात, ही तक्रार सगळे करतात. मला ती तितकीशी पटत नाही. माणूस देशातच राहतो, खाणीत काम करतो, सर्वेक्षणातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन उचलतो, कधी कधी ड्रिल कोरच्या (खोल छिद्रातून काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या) नोंदी वेळेत जमा करतो. हे अगदीच वाया गेलेलं नाही. खरं नुकसान होतं ते पद रिकामं राहतं तेव्हा, कारण नवी भरती वर्षानुवर्षं बंद असते. त्यावर युरोपचा कोणताही प्रकल्प औषध देऊ शकत नाही. ते काम त्या देशाच्या अर्थमंत्र्याचं.

प्रकल्प संपल्यावर काय होतं याचं सर्वांत कठोर उदाहरण गोमाचं. काँगोच्या पूर्वेला किवू सरोवराकाठी हे शहर, वर न्यिरागोंगो ज्वालामुखी. तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेला बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि इतरांकडून वर्षानुवर्षं वैज्ञानिक साथ मिळत आली आहे. भूकंपमापकांचं जाळं, उपग्रहावरून जमिनीची हालचाल मोजणं, सगळं. जागतिक बँकेच्या निधीचा प्रकल्प २०२० मध्ये संपला, आणि डोंगरावरच्या उपकरणांकडून माहिती आणणारी इंटरनेट जोडणी काही महिने बंद पडली. ती २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली, २२ मे रोजी ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा शहराच्या कडेला येऊन थांबला. तीसहून अधिक माणसं गेली. जोडणी असती तर इशारा मिळालाच असता असं मी म्हणणार नाही. त्या उद्रेकाने फार कमी चाहूल दिली, असं वैज्ञानिकांचं नंतरचं मत आहे. पण काही लाख वस्तीच्या शहरावरची निगराणी इंटरनेटच्या बिलावर अडते, ही गोष्ट कोणत्याही प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राखाली झाकली जात नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र सहकार्याची फळं लोकांच्या हंड्यात पोहोचतात, त्यामुळे मला तो विषय आवडतो. उत्तर नामिबियात, अंगोलाच्या सीमेलगत, जर्मनीच्या बीजीआर या सरकारी भूविज्ञान संस्थेने तिथल्या लोकांसोबत अनेक वर्षं काम करून ओहांगवेना २ नावाचा खोल भूजलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, शोधला. २०१२ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. बातमीत ‘प्रचंड साठा’ एवढंच आलं. तिथे काम करणाऱ्यांना छळणारी गोष्ट वेगळी होती: गोड्या पाण्याच्या वर खाऱ्या पाण्याचा थर आहे. कोणी बेफिकिरीने बोअर मारली, केसिंग नीट सील केलं नाही, की वरचं खारं पाणी खाली झिरपणार आणि साठा नासणार. म्हणजे शोध लावणं हे अर्धं काम. बोअरवेल खोदणाऱ्या खाजगी गाडीवाल्याला नियम लावणारा, आणि तो पाळला का हे तपासणारा माणूस खात्यात असणं हे उरलेलं. आपल्याकडे मराठवाड्यात हजार फुटांपर्यंत बोअर मारणारे जे उद्योग चालतात ते पाहिलेल्यांना हा उरलेला अर्धा भाग किती जड आहे ते ठाऊक आहे.

हातखाणकामाचा वर्ग काहींना दुय्यम वाटतो. नायजेरियातल्या झाम्फारा राज्याचं २०१० चं प्रकरण वाचून मग ठरवा. सोन्याचे भाव चढले, गावकऱ्यांनी शिरा खणल्या, दगड घरी आणले आणि धान्याच्या चक्क्यांत दळले. त्या खनिजात शिसं होतं, आणि तेही बऱ्याच अंशी शिशाच्या कार्बोनेट रूपात, जे पोटातल्या आम्लात सहज विरघळतं. चारशेहून अधिक लहान मुलं दगावली. डॉक्टरांना आधी मलेरिया वाटला. सोन्यासोबत शिसं आहे हे दगड बघणाऱ्या भूवैज्ञानिकाला कळू शकलं असतं, पण खाणवाल्यांपर्यंत जाणारा, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा आणि ‘बेकायदा’ म्हणून त्यांना हाकलून न लावणारा भूवैज्ञानिक तिथे नव्हता. हे कौशल्य बीआरजीएमच्या ऑर्लेआँमध्ये किंवा बीजीआरच्या हॅनोव्हरमध्ये मिळत नाही. युरोपात हातखाणी उरल्याच नाहीत. म्हणून या वर्गात घाना किंवा टांझानियाच्या माणसाने व्याख्यान द्यावं आणि युरोपीय प्रशिक्षकांनी वही काढावी, हेच योग्य.

मग युरोपला यातून काय? सरळ आहे. २०२४ मध्ये युरोपचा महत्त्वाच्या कच्च्या मालाबद्दलचा कायदा लागू झाला. त्यानुसार २०३० पर्यंत कोणत्याही सामरिक कच्च्या मालासाठी एका बाहेरच्या देशावर ६५ टक्क्यांहून जास्त अवलंबून राहायचं नाही. चीनचं नाव न घेता चीनबद्दल बोलणारं हे वाक्य आहे. त्याआधीच नामिबियाशी २०२२ मध्ये, काँगो आणि झांबियाशी २०२३ मध्ये, रवांडाशी २०२४ च्या सुरुवातीला भागीदारीचे करार झाले. रवांडाच्या करारावर तर काँगोने उघड नाराजी दाखवली, कारण पूर्व काँगोतलं खनिज सीमा ओलांडून रवांडात जातं हा जुना आरोप आहे. बीजीआरने टँटलम या इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागणाऱ्या धातूच्या खनिजाचा ‘बोटाचा ठसा’ ओळखायची, म्हणजे नमुना कोणत्या खाणीतला हे रासायनिक घडणीवरून तपासायची पद्धत विकसित केली ती याच भागासाठी. विज्ञान चोख आहे. पण पोत्यावरचं लेबल खोटं आहे हे सिद्ध झाल्यावर कारवाई करायची का, हे प्रयोगशाळा ठरवत नाही.

म्हणून हेतू शुद्ध आहे का, हा प्रश्न मी फार वेळ चघळत नाही. समोरच्याचा स्वार्थ असणारच. बघायचं ते हे, की करारावर सही करणाऱ्याला आपल्या जमिनीखाली काय आहे हे समोरच्याइतकं माहीत आहे का. नामिबियाने जून २०२३ मध्ये प्रक्रिया न केलेल्या लिथियमच्या आणि इतर महत्त्वाच्या खनिजांच्या निर्यातीवर बंदी घातली, युरोपशी करार झाल्यावर वर्षाच्या आत. ज्या देशाचा बहुतांश भाग उत्तम प्रतीच्या हवाई सर्वेक्षणाने झाकलेला आहे, आणि तेही पूर्वी युरोपच्याच मदतीने, त्या देशाला असं बोलायचं बळ येतं, असं माझं वाचन आहे. मदत देणाऱ्याला हे फारसं आवडलं नसेल. पण क्षमता बांधणी यशस्वी झाली तर ती अशीच दिसणार.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. पॅनआफजिओसारख्या कार्यक्रमात भारतीय विद्यार्थ्याला थेट जागा नाही. ते आफ्रिकेतल्या सर्वेक्षण संस्थांच्या आणि खनिज खात्यांच्या माणसांसाठी आहेत. पण दुसऱ्या वाटा आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची हैदराबादची प्रशिक्षण संस्था भारत सरकारच्या आयटेक या परदेशी लोकांसाठीच्या प्रशिक्षण योजनेखाली परदेशी भूवैज्ञानिकांना शिकवते आणि त्यांत आफ्रिकेतले पुष्कळ असतात. शिवाय २०२५ मध्ये भारत सरकारला झांबियात तांबं-कोबाल्टच्या शोधासाठी सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं आहे, आणि ते काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. आपण दुसऱ्यांच्या हेतूंवर बोलतो तेव्हा हेही लक्षात असू द्या: आता आपणही त्याच रांगेत उभे आहोत.

तिकडे जायचा विचार असेल तर तयारी सांगतो. ट्रॅप बेसाल्टवर, म्हणजे दख्खनच्या काळ्या लाव्हा-खडकावर, वाढलेल्या माणसाला रूपांतरित खडकांतली संरचना वाचायची सवय नसते. तुम्ही नागपूरला आहात, असे खडक असलेला साकोलीचा पट्टा हाकेच्या अंतरावर आहे; तिथे दोन हंगाम कंपास घेऊन चाला. क्यूजीआयएसमध्ये संदर्भ-प्रणाली बदलणं हात न अडखळता जमलं पाहिजे. मोझांबिक-अंगोलाकडे डोळा असेल तर पोर्तुगीज, पश्चिमेला आणि काँगोला फ्रेंच. मोडकी चालेल, पण पोलीस चौकीवर कागदपत्रं समजावून सांगण्याइतकी हवी. आणि झांबियात लुसाकाला सर्वेक्षणाच्या ग्रंथालयात गेलात तर आधी तिथल्या ग्रंथपालांना भेटा. कोणता अहवाल कोणत्या फडताळात आहे, कोणत्या शीटच्या कडेला कोणी पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली आहे, हे कोणत्याच डेटाबेसमध्ये अजून आलेलं नाही.